लिट आत की बाहेर, ते पान कुठलं त्यावर

प्रश्न असा: लिट (स्वतःचे एचटीएमएल टॅग, म्हणजे वेब कॉम्पोनंट, बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरून केलेल्या कॉम्पोनंटची फाइल बांधताना लिट तिच्या आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, आणि बटणांना सीएसएस (रंगरूप) का लागत नाही. वर दोघांनी सांगितलंय की व्हीटच्या (फाइली एकत्र बांधणारा बंडलर) लायब्ररी मोडमध्ये 'एक्स्टर्नल'खाली, म्हणजे बाहेर ठेवायच्या गोष्टींत, लिट टाका आणि मोकळे व्हा. पॅकेज एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजांचं भांडार) दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये जाणार असेल तर बरोबर आहे, नाहीतर लिटच्या दोन प्रती येऊन बसतात. पण मूळ प्रश्न साध्या एचटीएमएल पानावर स्क्रिप्ट टॅगने कॉम्पोनंट लावण्याचा आहे. तिथे ब्राउझरला नुसतं 'लिट' हे नाव कसं उलगडणार? एकतर इम्पोर्ट मॅप (कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर मिळेल याची पानातली यादी) द्या, नाहीतर लिट सरळ आत घ्या. कॉम्प्रेस करून ते साधारण ५ केबी भरतं. विरार लोकलमध्ये उभ्याने पान उघडणाऱ्यालाही जड नाही. जड होतात ते आपण हौसेने भरलेले आयकॉन.

खरी गोम सीएसएसची. नेहमीसारखं इम्पोर्ट केलं की ते वेगळ्या फाइलीत निघतं आणि शॅडो डॉमच्या (कॉम्पोनंटचा, पानाच्या सीएसएसपासून वेगळा ठेवलेला भाग) आत पोचतच नाही. तुमची बटणं उघडीबोडकी दिसतायत ती बहुधा यामुळेच. इम्पोर्ट करताना फाइलीच्या नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि 'इनलाइन' लिहा; मजकूर स्ट्रिंग म्हणून मिळतो, तो लिटच्या 'अनसेफसीएसएस' या फंक्शनला द्या.

आणि पॅकेज डॉट जेसनमध्ये (पॅकेजची माहिती देणारी फाइल) 'साइडइफेक्ट्स' फॉल्स, म्हणजे 'नुसत्या इम्पोर्टने काही घडत नाही', असं करून ठेवू नका. फक्त टॅग रजिस्टर करण्यासाठी केलेलं इम्पोर्ट मग वापरणाऱ्याचा बंडलर गाळून टाकतो. टॅग रिकामा दिसतो, कन्सोलमध्ये एरर मात्र काहीच नाही.