पट ७४, कायम शिक्षक एक: मराठीचा अतिथी शिक्षक कसा मिळवायचा?

बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यातली सरकारी मराठी शाळा, पहिली ते पाचवी. मी एसडीएमसीवर (शाळा विकास व देखरेख समितीवर) आहे. गुरुजींची बदली झाली, आता बाई एकट्याच. आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे) ६१ ते ९० पटाला तीन शिक्षक हवेत. पहिली ते तिसरी नली-कलीत (कृतीतून शिकवायच्या पद्धतीत) एकत्र बसतात, ते समजू शकतो. पण चौथी-पाचवी व्हरांड्यात, आणि बाई उंबऱ्यावर उभं राहून दोन्हीकडं बघतात. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात दोनदा अर्ज दिला, पोच आहे. अतिथी शिक्षक मिळाले, पण कन्नड माध्यमाचे. माणूस चांगला, पोरांना मात्र गणित कळत नाही. गावातच मराठीतून डीएड झालेली मुलगी आहे, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) नाही. तिला घेण्यासाठी एसडीएमसीचा ठराव पुरतो, की डीडीपीआयची (जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालकांची) मंजुरी लागते? यंदा कुणी असं करून घेतलंय का?