मदत हवी आहे: इंग्रजी वाक्यातला सब्जेक्ट ओळखायचा कसा? (लेक सातवीत, आई नापास)

ओलीभेळ:

नमस्कार मंडळी,
लेक सातवीत आहे, सेमी इंग्रजीला. शाळेत वाक्यं देतात आणि सब्जेक्ट, व्हर्ब, ऑब्जेक्ट यांच्याखाली रेघा मारायला सांगतात. मला जसं शिकवलं होतं तसंच मी तिला शिकवलं. आधी क्रियापद शोध, त्याला 'कोण?' विचार की कर्ता, 'काय?' विचार की कर्म. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं (पहिलीपासून झालं ते २००० साली), पण मराठी व्याकरणात माझे मार्क कधी गेले नाहीत, म्हणून फुशारकीनं शिकवायला बसले. काल वही परत आली. पाचातलं एक बरोबर, ते पण मांजर दूध पितं ते. बाकी चार ही अशी:

'माय अंकल इज अ फार्मर.' अंकल काय आहे? फार्मर. म्हणून फार्मर ऑब्जेक्ट. चूक.

'द बास्केट ऑफ मँगोज वॉज हेवी.' तिनं मँगोज सब्जेक्ट केलं, कारण ते वॉजला चिकटून आहे. चूक.

'देअर आर टू बर्ड्स ऑन द वायर.' देअर सब्जेक्ट. चूक.

आणि 'गिव्ह मी दॅट बुक.' इथे तिनं 'मी'खाली ठळक रेघ मारून सब्जेक्ट लिहिलंय. विचारलं तर म्हणते, "मी म्हणजे मीच ना? मी कर्ताच असतो!" हसू की रडू कळेना.

मला आता एवढंच सांगा, माझी कोण-काय पद्धत मुळातच चुकीची आहे का? दुसरी कुठली असेल तर सोप्या भाषेत सांगा. परवा परत टेस्ट आहे.

पाटपाणी:

गिव्ह मी वाचून चहा सांडला. बाई, लेकीला पैकीच्या पैकी द्या.

फळापुसणं:

मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलंय, आता घरी आहे. ताई, तुमची पद्धत चूक नाही, पण ती मराठीच्या मापानं शिवलेली आहे. मराठीत कोण काय करतंय हे प्रत्यय सांगतो. 'कुत्र्याने मांजर पकडलं' म्हणा नाहीतर 'मांजर कुत्र्याने पकडलं' म्हणा, पकडलं गेलं ते मांजरच. इंग्रजीत नामाला असा प्रत्यय नाही, तिथे सगळी मदार जागेवर. 'द डॉग कॉट द कॅट' मधली नावं उलटी केलीत की मांजरानं कुत्रा धरला.

शिवाय 'मला आंबा आवडतो' घ्या. आंब्याऐवजी कैरी ठेवली की आवडते, आंबे ठेवले की आवडतात. क्रियापद आंब्याच्या तालावर नाचतं. 'आय लाइक मँगोज' मध्ये ते आयच्या तालावर. पोरं मनात मराठी करून मग 'कोण?' विचारतात आणि तिथेच घसरतात.

म्हणून अर्थाला विचारू नका, वाक्याला हलवून बघा. वाक्याचा हो-नाही प्रश्न करायचा. इज, वॉज, कॅन, विल असं काही असेल तर ते उडी मारून पुढे येतं, आणि ज्याच्यावरून उडी मारली तो अख्खा तुकडा सब्जेक्ट. 'वॉज द बास्केट ऑफ मँगोज हेवी?' वॉजनं टोपलीवरूनही उडी मारली आणि आंब्यांवरूनही. त्या तुकड्यातला मुख्य शब्द बास्केट, म्हणून वॉज, वेअर नाही. मराठीत 'आंब्यांची टोपली' म्हणतो, टोपली क्रियापदाकडे असते. इंग्रजीत ती आधी येते आणि आंबे क्रियापदाला येऊन भिडतात. तुमच्या लेकीची चूक फार शहाणी चूक आहे.

उडी मारायला कोणी नसेल तर डू, डज, डिड बोलवायचं. 'यस्टरडे माय सिस्टर बॉट अ सायकल.' डिड माय सिस्टर बाय अ सायकल? डिड आणि बाय यांच्यामध्ये सापडला तो सब्जेक्ट. 'पहिला शब्द म्हणजे सब्जेक्ट' असं काही क्लासवाले सांगतात, त्यांना हे यस्टरडे दाखवा.

अर्धविराम:

मास्तरांनी फार्मर राहू दिला, तो मी घेतो. शाळेत वाक्यपृथक्करण केलंय ना? 'राम राजा झाला' मधला राजा आठवा. ते कर्म नव्हतं, विधानपूरक होतं, कारण राम आणि राजा माणूस एकच. अंकल आणि फार्मरही एकच. इंग्रजीत त्याला कॉम्प्लिमेंट म्हणतात. 'द फार्मर सोल्ड द काऊ' मध्ये शेतकरी वेगळा, गाय वेगळी, म्हणून गाय ऑब्जेक्ट. खात्री करायची तर वाक्य पॅसिव्ह करून बघा. 'द काऊ वॉज सोल्ड' होतं, इजचं तसं काहीच करता येत नाही. (हॅव सुद्धा सहसा पॅसिव्ह होत नाही, पण परवाच्या टेस्टसाठी ते विसरा.)

गिव्ह मी मध्ये सब्जेक्ट लपलेला यू आहे. मराठीतही 'मला ते पुस्तक दे' मध्ये तू बोलून दाखवत नाही. इंग्रजी 'मी' म्हणजे आपलं 'मला', हे एकदा तिच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहूनच टाका. दॅट बुक हे थेट कर्म, मी हे ज्याला द्यायचं ते.

ओलीभेळ:

दोघांनाही मनापासून धन्यवाद. पण मास्तर, तुमच्या उडीनं 'आर देअर टू बर्ड्स?' होतं. म्हणजे उडी देअरवरून मारली. मग लेकीचं बरोबर होतं की!

फळापुसणं:

पकडलंत मला. शालेय व्याकरणात देअर नुसता भालदार, खरा सब्जेक्ट टू बर्ड्स, कारण पक्षी दोन म्हणून आर. एक असता तर इज. टेस्टमध्ये हेच लिहू दे.

अर्धविराम:

मास्तर, मला नाही पटत. नवे व्याकरणकार देअरलाच सब्जेक्ट धरतात. 'देअर आर टू बर्ड्स, आरन्ट देअर?' असंच म्हणतो आपण, 'आरन्ट दे?' नाही.

फळापुसणं:

त्यांचं म्हणणं चूक नाही. पण सातवीतल्या पोरीला मार्क बाई देणार, नवे व्याकरणकार नाही.

ओलीभेळ:

आज तिनं स्वतःच एक वाक्य रचलं, बाकावरच्या भांडणावरून: 'द गर्ल हू सिट्स बिहाइंड मी टॉक्स टू मच.' मग प्रश्न केला, 'डज द गर्ल हू सिट्स बिहाइंड मी टॉक टू मच?' आणि द गर्लपासून मीपर्यंत एकच लांब रेघ मारली. यावेळी 'मी'ला वेगळी रेघ नाही! पण आता विचारते, सिट्स पण क्रियापदच आहे, मग या वाक्याचं क्रियापद टॉक्सच कशावरून?

फळापुसणं:

सिट्सचा सब्जेक्ट हू, ते त्या मुलीबद्दलचं पोटातलं वाक्य. आणि डज आल्यावर 'स' कोणाचा गेला ते तिलाच बघायला सांगा. सिट्सचा तसाच राहिला, टॉक्सचा गेला.