प्रति: कोकणात कॉमिक कॉनला येणार कोण?

रत्नागिरीत कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्स-सिनेमातल्या पात्रांचे चाहते त्यांच्यासारखे पोशाख करून जमतात तो मेळावा, भरवलं तर येणार कोण, असं वर विचारलंय. अहो, १९७० साली सॅन डिएगोच्या त्या पहिल्या तीन दिवसांच्या मेळाव्याला जेमतेम तीनशे माणसं होती, आज लाखाच्या वर जातात! आपल्याकडे २०११ ला दिल्ली हाटपासून सुरुवात झाली. गर्दी नंतरच येते.

आणि सोंग घेणाऱ्याचं कौतुक कोकणाला शिकवायचंय का? कुडाळ-सावंतवाडीकडच्या जत्रेत दशावताराआधी जरा मागे डोकवा. पेटीवर आरसा टेकवून नट स्वतःच तोंड रंगवत असतो, आणि पोरं तिथंच घुटमळतात, हाकललं तरी हलत नाहीत. आवडत्या राजासाठी, राक्षसासाठी माणसं रात्री-अपरात्री शेजारच्या गावात जातात. याला फॅन नाही तर काय म्हणायचं?

मुंबईच्या कॉनला जायचं तर गाडीभाडं, राहणं, तिकीट यातच पोरांचे पैसे संपतात, मग पोशाख शिवणार कशातून? गावात शाळेचं सभागृहही पुरेल. फोमची ढाल बनवणाऱ्या पोराला सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या कारागिराशेजारी टेबल द्या, दोघांचंही गिऱ्हाईक वाढेल. फक्त मे महिन्यात भरवा, चाकरमानी तेव्हा घरी असतात.