मदत हवी आहे: बायोटेकच्या एमएस्सीसाठी 8 लाखांचं कर्ज काढावं का? (सोमवारी फी भरायची आहे)

मधलामुक्काम: बहिणीला बायोटेकला अ‍ॅडमिशन मिळतेय. हॉस्टेल धरून दोन वर्षांचे 8 लाख. बँक कर्ज द्यायला तयार आहे. सोमवारी पैसे भरले नाहीत तर सीट जाईल. एवढं कर्ज फिटेल असा पगार मिळतो का? हो की नाही तेवढं सांगा. 'आवड असेल तर करा' हे घरी रोज ऐकतोय.

सायलीपी: असं कसं सांगणार? कॉलेज सरकारी की खासगी? व्याज किती? पुढे पीएचडी की लगेच नोकरी?

मधलामुक्काम: खासगी. 10 टक्के. नोकरी. त्याने काय फरक पडतो?

निवृत्त_शाखाधिकारी: फार पडतो. हप्ता कोर्स संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. दरवर्षी 4 लाख उचललेत तर हप्ता सुरू होईतो सरळव्याजानेच 2 लाख होतात. म्हणजे फेडायचे 10 लाख. 10 वर्षांची मुदत घेतली तर महिना 13,200 च्या आसपास, 7 वर्षांची घेतली तर 16,600. पगार या आकड्यासमोर ठेवून बघा. जमलं तर शिकत असतानाच व्याज भरत राहा, मुद्दल फुगणार नाही.

प्रयोगवही: मी एमएस्सी बायोटेक, औषध कंपनीच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) आहे. पहिल्या नोकरीत हातात 19 हजार यायचे. त्यातून 13 हजार गेले तर खोलीभाडंही निघत नाही. पगार वाढतो, पण तीन-चार वर्षं काढावी लागतात. शिवाय शेजारच्या टेबलावर साधा बीएस्सी मायक्रोबायोलॉजी झालेला मुलगा जवळपास तेवढ्याच पगारावर होता. खासगी कॉलेजसाठी एवढं कर्ज मी तरी काढलं नसतं.

पायथनवाला: लॅबमध्ये पैसा नाहीच. बायोइन्फर्मॅटिक्स (जीवशास्त्राचा डेटा संगणकावर तपासणं) करायला सांगा. पायथन, आर या प्रोग्रॅमिंग भाषा आल्या आणि डीएनए सिक्वेन्सिंगचा डेटा हाताळता आला की झालं.

प्रयोगवही: प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता तुम्ही. त्यातही फ्रेशरला कोणी दारात उभं करत नाही, बहुतेक ठिकाणी पीएचडी किंवा अनुभव मागतात. त्यापेक्षा फार्माकोव्हिजिलन्समध्ये (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या कामात) लवकर लागतात मुली.

पायथनवाला: दिवसभर साइड इफेक्टचे रिपोर्ट भरायला एमएस्सी कशाला हवी?

सायलीपी: तुमचं भांडण वेगळ्या धाग्यावर न्या. @मधलामुक्काम, तिने गॅट-बी ही बायोटेकची प्रवेश परीक्षा दिली होती का? डीबीटीचं (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं) अनुदान असलेल्या एमएस्सीला त्यावर प्रवेश मिळतो. पुणे विद्यापीठ आहे, बडोद्याचं एमएस विद्यापीठ आहे. वर महिना 5,000 विद्यावेतन. आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम ही परीक्षा.

मधलामुक्काम: नाही दिली. वर्ष वाया घालवायचं नाही. आणि बाबा दोन वर्षांनी रिटायर होतायत, तेव्हा हप्ते मीच भरणार आहे.

निवृत्त_शाखाधिकारी: अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं! सहकर्जदार कोण, बाबाच ना? हप्ता सुरू होईल तेव्हा त्यांचा पगार बंद झालेला असेल. आणि तुम्ही हप्ते भरलेत तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकरातली सूट (80ई) तुम्हाला नाही. ती स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शिक्षणाच्या कर्जावर मिळते. बहिणीच्या नाही.

गगनभरारी: 8 लाख घालवायचेच तर आणखी पैसे घालून जर्मनीला पाठवा. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही.

मधलामुक्काम: जर्मनीचं कोणी विचारलं नाहीये. 80ई पण मी विचारलं नव्हतं, पण बरं झालं सांगितलंत, मी ते धरून चाललो होतो.

सायलीपी: तिच्या हातात आत्ता काही आहे का? बीएस्सीवर नोकरी वगैरे?

मधलामुक्काम: एका कंपनीत क्यूसी ट्रेनी म्हणून घेतायत. 15 हजार. आई म्हणते लहान नोकरी आहे.

प्रयोगवही: लहान कशी? जीएमपीत (औषधनिर्मितीचे दर्जानियम पाळणाऱ्या ठिकाणी) एक वर्ष काम केलं, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) हात बसला, की पुढची एमएस्सी तिलाच सोपी जाईल. नोकरी करत गॅट-बी आणि जॅम दोन्ही देऊ दे. मग नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली आणि पीएचडी करावीशी वाटली तर महिना 37 हजार आणि वर घरभाडं. यात वर्ष कुठे वाया गेलं?

निवृत्त_शाखाधिकारी: तरी हेच कॉलेज घ्यायचं असेल तर ते पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत आहे का बघा. असेल आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला हप्ता सुरू होईपर्यंतच्या व्याजात 3 टक्के सवलत मिळते, तारणही लागत नाही.

मधलामुक्काम: पाहिलं, यादीत नाही. कॉलेजकडे गेल्या वर्षीच्या एमएस्सीवाल्यांचे पगार मागितले, तर 'सर्वाधिक पॅकेज' लिहिलेलं माहितीपत्रक पाठवलं. प्रत्येकाचा आकडा द्या म्हणून पुन्हा मेल केलाय. सोमवारपर्यंत आला नाही तर फी भरणार नाही. बहिणीला ट्रेनीवाल्यांना होकार कळवायला सांगितलंय. गॅट-बीचा अभ्यास नोकरी करून होतो का? कोणी केलाय?

सायलीपी: मी केलाय. 'ब' भाग तिने जे शिकलंय त्यावरच असतो, तिथून सुरुवात करा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

गगनभरारी: जर्मन भाषेचा क्लास पण लावून टाका.