टिपरे म्हणजे फक्त आबा? मग बाकीचे काय सोफा-खुर्च्या होते?

उगाच_शहाणा:
काल एका ग्रुपवर एका महाशयांनी टाकलं, की 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका म्हणजे दिलीप प्रभावळकरांचा वन मॅन शो, बाकी चौघं नुसती भरती. तिथे उत्तर देऊन पोट भरलं नाही म्हणून इथे लिहितोय, लांबलंय, कंटाळा आला तर सरळ खाली जा.

अहो, मालिका ज्यावर बेतली ते 'अनुदिनी' पुस्तक त्यांचंच, डायरी त्यांनी केलेल्या आबांची, सगळं मान्य. २००१ ला मालिका आली तेव्हा माणूस अवघा ५७ वर्षांचा आणि आपण खरेच आजोबा समजून बसलो, तेही मान्य. पण आबा तिरकं बोलणार कुणाला? भिंतीला? समोर मुलगा, राजन भिसेंचा शेखर नाही, सून, शुभांगी गोखलेंची श्यामल नाही, तर उरतो काय, एक म्हातारा डायरी लिहितोय. त्याला पुस्तक म्हणतात आणि ते आधीच छापलेलं होतं! शिऱ्या (विकास कदम) आणि शलाका (रेश्मा नाईक) ही नातवंडं तर आमच्याच घरातून उचलून नेल्यासारखे वाटायचे, आमची ताई अजून शलाका म्हटलं की चिडते. आणि चिमणरावांची जुनी मालिका आठवा की, तिथेही चिमणराव प्रभावळकरच. बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ काढून टाका आणि मग बघा चिमणराव किती वेळ हसवतात ते.

तर्कट:
ते महाशय मीच. नमस्कार. मी 'भरती' नाही, 'पूरक' म्हटलं होतं.

उगाच_शहाणा:
स्क्रीनशॉट टाकू?

तर्कट:
टाका. मुद्दा तोच राहतो. मालिका आठवली की पहिला चेहरा कुणाचा येतो, प्रामाणिकपणे सांगा. शेखरचा? केदार शिंदेंनी दिग्दर्शन छान केलं, बाकीच्यांनी कामं चोख केली, पण शेवटी आबांची डायरी सुरू झाली की आपण जेवता जेवता थांबायचो.

खडूस_काका:
आठवड्यातून एकदाच लागायची म्हणून चांगली होती. आता रोज अर्धा तास, त्यात तीनदा तोच चेहरा, तीनदा तीच वीज कडाडते. लेखकाला श्वास घ्यायला वेळ दिला की टिपरे होतात, नाही दिला की काय होतं ते रोज साडेसातला आमच्या घरी लावलेलं असतं आणि रिमोट माझ्या हातात नसतो.

सून_नंबर_दोन:
सगळे आबा आबा करताय म्हणून बोलते. माझे सासरेही डायरी लिहायचे. ते गेल्यावर कपाट आवरताना अकरा डायऱ्या निघाल्या, सगळ्या बँकेकडून फुकट मिळालेल्या. मला वाटलं आता काहीतरी टिपरेंसारखं वाचायला मिळणार. उघडली तर, 'दूध २ लि. पंखा दुरुस्त रु. ८०. सूनबाई उशिरा.' पुढचं पान, 'सूनबाई उशिरा.' एका महिन्यात नऊ वेळा मोजलं मी. का उशिरा, तर ६:२० ची लोकल सुटायची आणि येताना भाजी कोण आणणार होतं? त्याची नोंद एकदाही नाही. आबा गोड वाटतात कारण पेन आबांच्या हातात आहे. श्यामलने लिहिली असती डायरी तर?

खडूस_काका:
तुमच्या सासऱ्यांचा राग आबांवर कशाला? आबा सुनेची बाजू घ्यायचे.

सून_नंबर_दोन:
घ्यायचे ना. चहा पिता पिता.

पुणेरी_नाही:
😂😂 काका, आता उठून स्वतःचा चहा करा.

खडूस_काका:
मी गेली बारा वर्षं स्वतःचा चहा स्वतः करतो, हिचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून. माहिती नसताना टिंगल करू नये. आमचे वडील तर सुनेला हाक मारायचेसुद्धा नाहीत, खाकरायचे. दोनदा खाकरले की पाणी, तीनदा की चहा. त्या मानाने आबा देवमाणूस.

सून_नंबर_दोन:
काका, ते खाकरणं वाचून हसू पण आलं आणि तुमच्या आईंचं वाईट पण वाटलं. चहाबद्दल मागे घेते. तुमच्यापुरतं.

तर्कट:
श्यामलची डायरी झाली असती तर 'चार दिवस सासूचे' झालं असतं. तीही मालिका २००१ चीच, तीन हजारांवर भाग.

सून_नंबर_दोन:
म्हणजे बाईने लिहिलं की रडगाणंच? वा.

उगाच_शहाणा:
लोकहो, धागा टिपरेंच्या कलाकारांचा आहे, सासऱ्यांचा नाही!

पुणेरी_नाही:
धागा गेला हो. कधीच गेला.

सून_नंबर_दोन:
कलाकारांचंच बोलतेय. शुभांगी गोखले वैतागल्या की मला माझा वैताग दिसायचा, म्हणून मी मालिका बघायचे. आबांसाठी नाही. आता हे पूरक म्हणायचं की काय ते तर्कटांनी सांगावं.

तर्कट:
बरं बाई, हरलो. 'श्यामलची डायरी' काढा, पहिल्या भागापासून बघेन. आबांचं काम मात्र प्रभावळकरांनाच द्या. पूरक म्हणून.