मदत हवी आहे: ‘अ‍ॅनेक्डोटल एव्हिडन्स’ मराठीत कसं लिहावं?

मंडळी, आरोग्यावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय आणि एका शब्दापाशी गाडं अडलंय. वाक्य साधारण असं: ‘या काढ्याने मायग्रेन थांबतं, याला फक्त अ‍ॅनेक्डोटल एव्हिडन्स आहे.’ म्हणजे कुणाकुणाला गुण आला, त्यांनी तसं सांगितलं, रीतसर चाचणी कुणी घेतलेली नाही.

‘किस्सेवजा पुरावा’ लिहिलं तर डोकेदुखीने बेजार झालेल्या माणसाची थट्टा केल्यासारखं वाटतं. ‘आख्यायिका’ म्हटलं की थेट संतचरित्रातच शिरतो आपण. ‘अनुभवजन्य’ बरा वाटला होता, पण तो ‘एम्पिरिकल’साठी (पद्धतशीर निरीक्षण-प्रयोगांवर आधारलेलं) वापरतात, म्हणजे अर्थ जवळपास उलटाच. ‘ऐकीव पुरावा’ चालेल का? आणि मूळ शब्दात हेटाळणी आहे की नुसतं वर्णन?

प्रतिसाद १
‘ऐकीव’ नको. कोर्टात ऐकीव म्हणजे साक्षीदाराने स्वतः न पाहिलेलं, दुसऱ्याकडून कळलेलं. तुमचा रुग्ण स्वतःचंच सांगतोय, आणि खरंही सांगत असेल. गोम वेगळीच आहे. मायग्रेनचा झटका उपचाराविना साधारण ४ ते ७२ तासांत ओसरतो. मग काढ्याने थांबलं की थांबायचंच होतं, हे त्या एकट्याच्या अनुभवावरून कसं ठरवणार? शिवाय ज्यांना गुण आला नाही ते कशाला सांगत फिरतील! विशेषणाचा हट्ट सोडा. ‘बरं वाटल्याचं काही जण सांगतात, पण चाचणी झालेली नाही’ एवढं पुरे.

प्रतिसाद २
हेटाळणी सुरावर ठरते. वादात ‘हे अ‍ॅनेक्डोटल झालं’ म्हणजे ‘तुमचं राहू द्या’. वैद्यकात मात्र एकेका रुग्णाची नोंद खालच्या पायरीवर असली तरी टाकाऊ नसते. थॅलिडोमाइड या गरोदर बायकांनाही दिल्या गेलेल्या औषधाचंच बघा. १९६१ साली ऑस्ट्रेलियातले डॉक्टर विल्यम मॅकब्राइड यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पाठवलेलं पत्र काही ओळींचंच होतं: हे औषध घेतलेल्या मातांच्या बाळांत व्यंगं दिसताहेत, इतरांनाही असं आढळलंय का? जर्मनीत डॉक्टर विडुकिंड लेन्झ यांनाही तोच संशय आला होता, आणि तो खरा ठरला. तेव्हा ‘फक्त’ जपून वापरा, खरा डंख त्यातच आहे.

धागाकर्ती
वाक्य सुटलं, आभार! पण पुढे एक तक्ता आहे, ‘पुराव्याचा प्रकार’ असा रकाना. तिथे अख्खं वाक्य कसं कोंबू?

प्रतिसाद १
‘सुटे अनुभव’ लिहा. खालच्या ओळीत ‘नियंत्रित चाचणी’ असेल तर फरक आपोआप कळेल.