मदत हवी आहे: ट्रक कॅम्पर घेतला खरा, आता थंडीआधी काय काय करू?

घाटावरचा_गडी

नमस्कार मंडळी,

मुक्काम मिनेसोटा, ट्विन सिटीजच्या जवळ. चार वर्षं तंबूत काढली. यंदा जूनमध्ये सुपिरिअर सरोवराच्या काठी टेटागूशला रात्रभर पावसात झोपलो (झोपलो आपलं म्हणायचं) आणि सकाळी बायकोने जाहीर केलं, की यापुढे मी जमिनीला पाठ लावणार नाही. म्हणून ऑगस्टमध्ये एका गृहस्थांकडून जुना ट्रक कॅम्पर घेतला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पिकअपच्या मागच्या हौद्यात अख्खी खोली ठेवायची. पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर, आत शेगडी, फ्रीज, छोटी मोरी. घरी आलं की चार कोपऱ्यांना चार जॅक लावून खोली वर उचलायची आणि ट्रक खालून काढून घ्यायचा.

ट्रक आमचा आधीचाच, हाफ-टन (पिकअपमधला हलका वर्ग, नावापुरता अर्धा टन), साडेसहा फुटी हौद्याचा. विकणारा म्हणाला, "फिट्स परफेक्टली." बसतोय खरंच छान.

एकच मोठी सहल झाली, साउथ डाकोटात बॅडलँड्सला. मजा आली. आय-90 हायवेवर वाऱ्याने गाडी झोकांड्या खात होती, पण तिकडे वारा असतोच म्हणे. आणि एक गंमत, रात्री समोरून येणारा प्रत्येक जण मला दिवे मारून दाखवत होता. हाय बीम लावलेले नव्हते, शपथ.

आता प्रश्न:

1. पाण्याची लाइन थंडीसाठी कशी बंद करायची? ऑक्टोबर उजाडलाय, पाणी कुठल्याही रात्री गोठेल.
2. पलंगाच्या उजव्या कोपऱ्यात, बाहेर जिथे छोटा नारिंगी दिवा आहे त्याच्या आतल्या बाजूला, वॉलपेपर पापडासारखा फुगलाय. अंगठा दाबला तर आत जातो. कुबट वास पण येतो.
3. हिवाळाभर ठेवायचा कसा? सध्या ड्राइव्हवेच्या बाजूला गवतावर चार जॅकवर उभा आहे, साधारण छातीएवढा उंच. मुलं आत घर-घर खेळतात.
4. वरून ताडपत्री घालू का?

आगाऊ धन्यवाद.

---

कोकणी_मेवा

वाचतेय. आम्हालाही घ्यायचाय, नवरा मानत नाही. हा धागा दाखवून काम होईल की बिघडेल कोण जाणे.

---

आल्बर्टाची_आजी

गड्या, बाकी सगळं नंतर. आधी मुलांना खाली उतरव. आजच.

जॅक हे उचलायला असतात, राहायला नसतात. पूर्ण ताणलेल्या जॅकवरचा कॅम्पर म्हणजे काठ्यांवर चालणारा डोंबारी. त्यात तू गवतावर ठेवलायस. पाऊस झाला, एक पाय दोन इंच खचला की वजन तिरकं जाणार. आमच्या शेजाऱ्यांचा असाच वाऱ्याने कलंडला होता. आत कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

जॅकच्या पायांखाली जाड फळ्या घाल. खाली 4 बाय 4 चे लांब लाकडी ठोकळे आडवे-उभे रच, म्हणजे कॅम्परचा तळ एरवी हौद्यात जिथे टेकतो तिथेच त्यांच्यावर टेकेल. मग जॅक थोडे-थोडे, पाळीपाळीने उतरव. पुढची बाजू मागच्यापेक्षा कायम इंच-दोन इंच वर राहू दे, नाकावर कधीच झुकू देऊ नको. वजन ठोकळ्यांवर आलं की जॅकवर नुसता आधारापुरता ताण ठेव. बुटका दिसेल, पण वाऱ्याला दाद देणार नाही.

---

पाना_पक्कड

आजींना +1. मी कोलोराडोत, तिसरा कॅम्पर. पहिल्याने शिकवलं, दुसऱ्याने लुटलं, तिसऱ्याशी संसार चालू आहे.

पाण्याचं सांगतो, तुझी घाई त्याचीच आहे. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं आणि वाटेत जे येईल ते फोडतं. म्हणून आधी सगळं रिकामं करायचं. ताज्या पाण्याची टाकी, दोन्ही सांडपाण्याच्या टाक्या, तळाशी असलेले लाइनचे ड्रेन. पंप क्षणभर चालवून त्यातलंही काढ. वॉटर हीटर आदल्या दिवशीपासून बंद असला पाहिजे. गरम असताना प्लग (टाकीचं पाणी काढायचं बूच) काढलास तर हात भाजतील. आधी वरचा प्रेशर व्हॉल्व्ह उघडून दाब घालव, मग प्लग. प्लगसोबत खडूच्या कांडीसारखं खाल्लेलं काही बाहेर आलं तर घाबरू नको. तो अ‍ॅनोड रॉड, टाकीऐवजी स्वतः गंजून घेण्यासाठीच असतो. फारच झिजला असेल तर वसंतात नवा घाल.

मग हीटर बायपासवर टाक, म्हणजे लाइन हीटरच्या टाकीत न शिरता परस्पर नळांकडे जाईल. हे विसरलास तर सहा गॅलनची टाकी भरेपर्यंत नळाला काही येणार नाही आणि तू दुकानात फेऱ्या मारत राहशील. (मी मारल्यात.) आता पंपाची नळी थेट गुलाबी अँटिफ्रीझच्या बाटलीत. गुलाबीच, प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं. मोटारीच्या रेडिएटरचं हिरवं विषारी असतं, ते पाण्याच्या लाइनला लावायचंच नाही. लांबच्या नळापासून सुरुवात कर. थंड, मग गरम, गुलाबी धार दिसली की पुढचा. संडासाचं फ्लश आणि बाहेरचा शॉवर हमखास राहतो, तो पण. बाहेरून नळी लावायची जागा असते तिथल्या जाळीमागचा व्हॉल्व्ह दाबून तिथलंही पाणी बाहेर काढ. शेवटी मोरीच्या जाळीत एकेक पेला ओत, सायफनमध्ये साचलेलं पाणी तिथेच असतं.

बाटलीवर उणे 50 लिहिलेलं असेल. ते फॅरनहाइट, आणि ते पाइप न फुटण्याबद्दल. बर्फाच्या गोळ्यासारखं ते त्याच्या कितीतरी आधी होतं. जानेवारीत नळातून तसला चुरा आला तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नको.

बॅटरी कुठली आहे? साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर पूर्ण चार्ज कर (12.6-12.7 व्होल्ट), काढ, तळघरात ठेव. भरलेली बॅटरी सहसा गोठत नाही, उतरलेली मिनेसोटात नक्की गोठेल आणि फुटेल. लिथियम असेल तर शून्य सेल्सियसच्या खाली चार्ज करायची नाही. दोन्हींत तळघरच बरं.

आता मला खरं बोलायचंय ते तुझ्या "गमती"बद्दल.

लोक दिवे मारत होते कारण तुझे साधे दिवे त्यांच्या डोळ्यांत जात होते. गाडीचं बूड बसलं होतं आणि नाक वर झालं होतं. झोकांड्याही नुसत्या वाऱ्याच्या नसणार, पुढच्या चाकांवरचा भार हलका झाला की स्टीअरिंग असंच सैल लागतं. ड्रायव्हरचं दार उघड. चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर लिहिलं असेल की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर नको. तो आकडा इथे लिही. कॅम्परवर पण वजनाचं स्टिकर असेल, तेही लिही.

---

घाटावरचा_गडी

आजी, मुलांना उतरवलं. धाकटीने फुगा केलाय तोंडाचा, पण ठोकळे आणायला तीच बरोबर आली.

पाना_पक्कड, ट्रकवर 1,760 पौंड. कॅम्परवर 1,845. म्हणजे 85 जास्त? एवढं चालत असेल ना? फार तर मागच्या स्प्रिंगला एअर बॅग (आधाराला हवेची पिशवी) लावून घेतो.

---

पाना_पक्कड

85 नाही रे बाबा. 1,845 हे कारखान्यातून कोरडा निघाला तेव्हाचं. बऱ्याचदा त्यात एसी, बाहेर उघडायची कापडी छत्री, बॅटऱ्या धरलेल्या नसतात. पाणी, गॅस, गाद्या, कुकर, पोळपाट-लाटणं तर नाहीच नाही. एक गॅलन पाणी 8.34 पौंड, 30 गॅलनची टाकी भरलीस की 250 पौंड तिथेच. आणि ट्रकच्या 1,760 मध्ये तुम्ही चौघं पण आलात.

एअर बॅगने बूड वर येतं, दिवे सरळ होतात. स्टिकरचा आकडा तसाच राहतो. आस (अ‍ॅक्सल), ब्रेक, चाकं तीच ना? दुखणं दिसेनासं होतं एवढंच.

इथे अंदाज करत बसू नको. हायवेवरच्या ट्रक-स्टॉपला कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचा काटा असतो. पुढचा आस एका पाट्यावर, मागचा दुसऱ्या पाट्यावर, आणि हातात छापील पावती. ठोकळ्यांवर उतरवण्याआधी एकदा चढवून वजन करून ये. कॅम्परच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण असते, ती मागच्या आसाच्या किंचित पुढे येतेय का तेही बघ. मागे येत असेल तर आणखी वाईट.

---

कोकणी_मेवा

नवऱ्याने माझ्या खांद्यावरून सगळं वाचलं. एक शब्द बोलला नाही, पण चहा स्वतः केला. बहुतेक जिंकला तो.

ओलीबद्दल थोडं, कारण आमच्याकडे स्वतःचा आरव्ही (असलं फिरतं घर) नसला तरी गुहागरला कौलारू घर आहे. छप्पर गळतं ते मधून नाही, जिथे कोणी भोक पाडलं तिथून. नारिंगी दिवा म्हणजे भोकच. आतून रंग मारून झाकू नका.

---

आल्बर्टाची_आजी

मेवाबाई बरोबर बोलल्या. दिवा काढ, मागचं जुनं सीलंट खरवडून काढ. आधीच्या मालकाने सिलिकॉन फासलं असेल तर त्याचा कणही ठेवू नको, त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही. पण लगेच बंद करू नको. आत डिह्युमिडिफायर लावून कोपरा आठवडाभर वाळू दे, दिव्याच्या जागी तात्पुरती टेप. ओलं लाकूड कोंडलंस तर वरून छान दिसेल आणि आतून कुजत राहील. वाळल्यावर दिव्यामागे ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), कडेने सीलंट. छतावरच्या सांध्यांना आपोआप पसरणारं लॅप सीलंट मिळतं, ते उन्हाच्या दुपारी लाव. गारठ्यात ते गुळाच्या काकवीसारखं हट्टी होतं. फळी बिस्किटासारखी तुटत असेल तर वसंतात तो भाग कापून बदलावा लागेल, त्याला इलाज नाही. यापुढे वर्षातून दोनदा शिडी लावून छत बघ. कौलं शाकारतात तसंच.

ताडपत्री नको. वाऱ्यात फडफडून पत्रा घासते आणि आतली वाफ कोंडते. हवा खेळणारं कव्हर घे, नाहीतर नुसता उघडा ठेवून बर्फ झाडत जा. फ्रीजचं दार उघडं, गाद्या उभ्या, गॅस सिलिंडरवरच बंद. आणि उंदीर! पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून येतो. पाइप-वायर जिथून आत जातात तिथे स्टीलवूल कोंब. मसाल्याच्या डब्यापासून बिस्किटाच्या चुऱ्यापर्यंत काही ठेवू नको.

---

घाटावरचा_गडी

शनिवारी जाऊन आलो. मी एकटा, टाक्या कोरड्या. पावती समोर ठेवून लिहितोय:

पुढचा आस 3,120
मागचा आस 4,620
एकूण 7,740

दाराच्या चौकटीवर: एकूण मर्यादा 7,000, मागच्या आसाची 3,800.

म्हणजे मी एकटा बसलेला, पाण्याचा थेंब नसताना, एकूण 740 पौंड जास्त आणि मागच्या आसावर 820. बॅडलँड्सला आम्ही चौघं होतो, टाकी काठोकाठ, आणि बायकोने भारतीय दुकानातून घेतलेलं वीस पौंडी तांदळाचं पोतं पण. परतीच्या उतारावर मी एकदा म्हटलं होतं, ब्रेक जरा मऊ लागतायत का गं.

हे वाचून दाखवल्यावर ती काही बोलली नाही. पावती फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवलीय.

काल ठोकळ्यांवर उतरवला. पाणी काढलं, गुलाबी धार सगळीकडून आली (बाहेरचा शॉवर विसरलोच होतो, आभार). भट्टीच्या (आतली खोली तापवणाऱ्या हीटरच्या) बाहेरच्या तोंडात गवत आणि गादीचा कापूस मिळाला, म्हणजे मामा आधीच येऊन जागा बघून गेलेत. दिवा काढलाय, कोपरा वाळतोय. फळी एका टोकाला मऊ आहे, दुसरीकडे ठणठणीत.

आता कॅम्पर विकायचा की ट्रक बदलायचा? मुलांचं मत विचारू नका. एक टनाचे (पिकअपमधला जड वर्ग) जुने ट्रक बघतोय. एक डिझेल आवडलाय, पुढच्या शनिवारी बघायला जाणार. फक्त एक टन म्हटलं की झालं ना?

---

पाना_पक्कड

झालं नाही. डिझेल इंजिन स्वतःच जड असतं, ते वजन तुझ्याच वाट्यातून जातं. तोच ट्रक पेट्रोलवर घेतलास तर जास्त उचलेल. चार दारं, सनरूफ, चारचाकी ड्राइव्ह, जे जे वाढतं ते ते स्टिकरवरून कमी होतं. तुझा भरलेला कॅम्पर साधारण 2,600 धर, वर चौघं जण. 3,300 च्या खाली आकडा असेल तर मी तर जाणारच नाही.

विकणाऱ्याला फोन करून सांग, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीचा फोटो पाठवा. "हो हो, आरामात उचलतो" म्हणाला तर पुन्हा फोटोच माग.

---

घाटावरचा_गडी

मागितला. "आरामात उचलतो" असंच उत्तर आलंय.